म्हाताऱ्याची जीभ

या, असे पुढे या. दाराशी कोण उभं आहे? आत या, दाटीवाटीने बसा. माणसाला माणूस लागून बसलं की जिवाला धीर असतो, आणि आज तो लागणार आहे. कीर्तनात बुवा श्रोत्यांना कुठे कुठे हिंडवून आणतात, पण शेवटी देवाच्या पायाशी सुखरूप पोचवतात. आजच्या गोष्टीत ते साधेल की नाही, तोच जाणे. पदरचं काही घालणार नाही, एवढं मात्र वचन.

एक मुखवटे कोरणारा होता. सरळ माणूस. लाकूड, पॉलिशपेपर, रंग आणि दुपारचा चहा यापलीकडे त्याचा कशावर विश्वास नव्हता, आणि कशाशी वैरही नव्हतं. एका नृत्यनाट्य मंडळीचं काम तो करायचा. मंडळीच्या बाई तरुणपणी बाली बेटावर राहून तिथलं मुखवट्यांचं नृत्य शिकून आल्या होत्या. परत आल्यावर त्यांनी तिथली नक्कल केली नाही. "त्यांचं त्यांच्या देवळात शोभतं. आपण आपल्या गल्लीतली माणसं नाचवायची," असं म्हणून त्यांनी नवी नाटकं बसवली. एका बंद पडलेल्या छापखान्यात त्यांची तालीम चाले. जमिनीवर अजून शाईचे डाग होते, आणि वाद्यांच्या काशाच्या पट्ट्यांवर हातोडी पडली की खिडक्यांच्या काचा दाताखाली खडा आल्यासारख्या कुरकुरायच्या.

नाटकात रजा नाकारणारा साहेब होता, बसची वाट बघून झोप लागलेली बाई होती, आणि सगळ्यांत शेवटी यायचा तो म्हातारा. पांढऱ्या भुवया, पांढरी दाढी, खाली ओघळलेले गाल, किंचित उघडं तोंड. हा म्हातारा काहीतरी विसरलेला असायचा. काय ते त्यालाच आठवत नसे. खिसे चाचपायचा, जमिनीवर वाकून शोधायचा, मग डोळ्यांवर हाताची सावली धरून प्रेक्षकांत कुणालातरी शोधायचा.

मुखवट्याला दोरी नव्हती. आतल्या बाजूला, तोंडाच्या जागी, चामड्याची बोटभर पट्टी दोन पितळी खिळ्यांनी ठोकलेली असे. नाचणाऱ्याने ती दातांत धरायची. दात सुटले की मुखवटा पडलाच. म्हणून मुखवटा चढला की बोलणं बंद. या पट्टीला मंडळीत 'जीभ' म्हणत.

वाद्यांवर बसणारा एक गोल गरगरीत गृहस्थ होता, त्याला सगळे भोपळ्या म्हणत. तो म्हणायचा, "बायकांना गप्प बसवायची युक्ती शोधायला समुद्र ओलांडावा लागला, बाई!"

"तुझ्या तोंडाला पुरेल एवढं चामडं मिळालं नाही," थोरली म्हणायची, "म्हणून तुला वाजवायला बसवलंय."

ही थोरली म्हणजे मुखवटेकाराची बायको. म्हातारा तीच नाचायची. नवऱ्याला ती सगळ्यांदेखत 'लाकूडतोड्या' म्हणायची आणि हसायची, तेव्हा तिच्या पुढच्या दोन दातांमधली फट दिसायची. त्यातल्या एका दाताचा कोपराही उडालेला होता, दाताने दोरा तोडण्याच्या सवयीपायी. तिच्या पाठची धाकटी. मंडळीचे कपडे शिवायची, इस्त्री करायची. डावखुरी, दात मोत्याच्या लडीसारखे सरळ, आणि नाचायला उभी राहिली तर पाय एकमेकांत अडकायचे. ती मुखवटेकाराला 'भाऊजी' म्हणायची, तिचं ऐकून बाई म्हणायला लागल्या, भोपळ्याही म्हणायला लागला. सगळ्या मंडळीचा तो भाऊजी झाला.

एक नियम मात्र बालीचा नव्हे, या मंडळीचा स्वतःचा होता. मुखवटा एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेला की जुनी जीभ उपटायची आणि नवी ठोकायची. "दुसऱ्याच्या तोंडातला घास आपण खातो का?" बाई म्हणायच्या. स्वच्छतेची गोष्ट, एवढाच मुखवटेकाराने अर्थ घेतला होता. कुणीही घेतला असता.

मग साध्या तापाचं निमित्त झालं आणि थोरली गेली.

तिचा हसरा फोटो त्याने स्वतः चौकट करून जेवणाच्या खोलीत लावला. खाली कारखाना, वर राहायच्या खोल्या, असं घर होतं. वर आता तो, धाकटी आणि दोघींची आई. आईने मुलगी गेली त्या दिवशी तोंड मिटलं, ते मिटलंच. रडली नाही, बोलली नाही. ताटातलं अन्न इकडून तिकडे ढकलायची आणि उठायची. मनगटं पेन्सिलीसारखी झाली. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, पण माणसाने जगायचं नाही असं ठरवलं तर औषध कुठून आणायचं?

"भाऊजी, म्हातारा मी करते," एके दिवशी धाकटी म्हणाली.

"तू? जिना उतरताना पडतेस तू."

"पडेन. पण आईला म्हातारा दिसला तर ती बोलेल. ताई शेवटी डोळ्यांवर हात धरून आईलाच शोधायची, आणि आई पहिल्या रांगेतून कशी ओरडायची, 'अरे इथे आहे मी!' आठवतं ना? बोलेल ती. बघा तुम्ही."

बाईंनी सुस्कारा सोडला आणि हो म्हटलं.

मुखवटेकाराने कपाटातला मुखवटा काढला, त्याचं फडकं सोडलं, उपडा करून मांडीवर घेतला आणि पक्कड उचलली. जिभेवर थोरलीच्या दातांची ओळ उमटलेली होती. मधली फट, उडालेला कोपरा, सगळं जसंच्या तसं. धाकटीने त्याचं मनगट धरलं.

"नको हो. ताईचं एवढंच उरलंय. साड्यांचा वाससुद्धा गेला."

"नियम आहे, धाकटे."

"तिचं उष्टं मला कसलं आलंय? लहानपणी एका पेल्यातून दूध प्यायलो आम्ही."

त्याने पक्कड खाली ठेवली. खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा त्यालाच ती फट उपटवत नव्हती. त्याने चामडं कोमट पाण्याने पुसलं, तेलाचं बोट फिरवलं. बाईंनी विचारलं, "जीभ बदलली ना, भाऊजी?" तो म्हणाला, "हो."

सुरुवातीच्या तालमी म्हणजे फजितीच होती. भोपळ्या म्हणाला, "म्हातारा विसरलाय म्हणतात, पण पाय कुठे ठेवले तेही विसरलाय होय?" धाकटी मुखवटा काढून स्वतःच हसत सुटायची.

मग कधीतरी हसणं थांबलं. कधी, ते कुणाला नेमकं सांगता येईना. एका सकाळी बाईंनी हात वर करून वाद्यं थांबवली.

"हे तुला कुणी शिकवलं?"

धाकटीने मुखवटा उतरवला. "काय?"

"ही थरथर. खांद्यातून नाही, करंगळीतून सुरू होऊन वर चढते. मी शिकवली नाही. थोरलीलाही नाही, ती तिची तिची होती."

"बघून बघून आली असेल," धाकटी म्हणाली.

बाईंनी मान हलवली. पण वाद्यं पुन्हा सुरू करायला त्यांना जरा वेळ लागला. आणि मुखवटेकाराच्या लक्षात आलं, की म्हाताऱ्याने कान खाजवला तो उजव्या हाताने.

पुढच्या एका तालमीला त्याने सासूबाईंना हात धरून आणलं आणि पुढे खुर्चीवर बसवलं. त्या बसल्या, भिंतीकडे बघावं तशा. म्हातारा आला. खिसे चाचपले. वाकला, उठला. डोळ्यांवर हात धरून इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि नजर आईवर थांबली.

"थोरले," सासूबाई म्हणाल्या, "पाय जपून टाक गं."

भोपळ्याच्या हातातली हातोडी पडली. किती महिन्यांचा गंजलेला तो आवाज, पण स्पष्ट. बाई डोळे पुसू लागल्या. धाकटीने मुखवटा ओढून काढला आणि धावत येऊन आईच्या गळ्यात पडली, "आई! आई, बोललीस तू!"

सासूबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चुकीच्या घराचं दार उघडल्यासारखं. आणि तोंड मिटून घेतलं.

इथे तुम्ही काय केलं असतं? आई भरल्या ताटावर उपाशी मरते आहे, आणि एका लाकडाच्या तुकड्याने ती बोलते. धाकटीने मुखवटा घरी आणला. रोज सकाळी न्याहारीच्या वेळी ती तो चढवून आईसमोर बसायची. आणि आई बोलायची! दूध उतू गेल्याचं सांगायची, शेजारणीची नालस्ती करायची, बोलता बोलता सगळं ताट संपवायची. समोर पांढऱ्या भुवयांचा म्हातारा मान डोलवत ऐकायचा.

एका सकाळी मुखवटेकार हाताचा भुसा झटकत जिना चढून दारात आला. सासूबाई हसत होत्या. म्हाताऱ्याची त्याच्याकडे पाठ होती.

"लाकूडतोड्या," म्हातारा वळून न बघता म्हणाला, "चहा निवतोय तुझा."

तो उंबऱ्यावरच खिळला. आवाज लाकडामागून यावा तसा दबका नव्हता. शेजारी बसून बोलावं तसा होता.

"धाकटे. काढ ते."

तिने मुखवटा उतरवला. जीभ दातांतून सुटताना लाळेची बारीक तार लांबली आणि तुटली.

"काय झालं, भाऊजी? असे का बघताय?"

"आत्ता काय म्हणालीस?"

"मी? तोंडात जीभ होती की. बोलणार कशी?"

तिचे डोळे लहान मुलासारखे निर्मळ होते. ती खोटं बोलत नव्हती, आणि हेच त्याच्या जिवाला लागलं.

त्याने मुखवटा खाली नेला आणि खिडकीच्या उजेडात उपडा धरला. इतके दिवस धाकटी ही पट्टी चावते आहे. तिच्या सरळ दातांची ओळ जुन्या ओळीवर उमटायलाच हवी. चामडं वाळून कडक झालं असेल, असं म्हणून त्याने अंगठ्याचं नख रुतवलं. लोण्यात रुतावं तसं रुतलं, खूण राहिली. दातांची ओळ मात्र एकच होती. फटीची.

आता, देव त्याला क्षमा करो, त्याच वेळी त्याने जीभ उपटायला हवी होती. उपटली नाही. दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी तो आपणहून वर गेला. तिसऱ्या दिवशीही. चहा घेऊन म्हाताऱ्याच्या पाठीमागे गप्प बसायचा, आणि ती एक हाक येईपर्यंत कप तोंडाला लावायचा नाही. तो वाईट माणूस नव्हता. तहानलेला होता.

आईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. धाकटी मुखवटा नसतानाही हळूहळू गप्प राहू लागली. एकदा शिवताना तिने दोरा दाताने तोडला. सुई उजव्या हातात होती.

"तू डावखुरी ना गं?"

"मी?" तिने हाताकडे पाहिलं. "नाही बाई. कधीच नव्हते."

मग नाटकाचा दिवस आला. दुपारचा प्रयोग होता. निघताना धाकटी दारात खाली वाकून चपलांकडे बघत बसली. तिच्याच चपला, निळ्या पट्ट्यांच्या. अशाच एका दुपारी हट्टाने घेतलेल्या.

"ह्या कुणाच्या हो? मला घट्ट होताहेत."

"तुझ्याच आहेत, धाकटे."

ती हसली, थट्टा ऐकल्यासारखी. आणि कोपऱ्यात अजून ठेवलेल्या थोरलीच्या चपला पायात सरकवून जिना उतरली. एकही पायरी न अडखळता.

 बायको परत यावी म्हणून तो रोज चहा घेऊन बसला होता, आणि तिला यायला जागा कुणी करून दिली, ते त्याला आता दिसलं.

रंगमंचामागे, वाद्यं जुळत असताना, त्याने फडकं सोडलं, खिशातली पक्कड काढली आणि जीभ उपटली. नवी ठोकली नाही. मुखवटा चढणारच नाही. प्रयोग बुडेल, बाई तोंड बघणार नाहीत, सासूबाई कदाचित पुन्हा कधी बोलणार नाहीत. नाही बोलल्या तर नाही. पोर तरी राहील. त्याने ओली पट्टी सदऱ्याच्या खिशात टाकली, मुखवटा गुंडाळून जागेवर ठेवला, आणि ती हाक मारेल म्हणून विंगेत उभा राहिला. 'भाऊजी, जीभ कुठे गेली?' एवढंच त्याला ऐकायचं होतं.

हाक आली नाही.

काशाच्या पट्ट्या घुमल्या आणि म्हातारा प्रकाशात आला.

करंगळी थरथरली. थरथर मनगटात चढली. लोक हसले, मग हसायचे थांबले.

दोन्ही हात मोकळे होते. मुखवटेकाराने नीट पाहिलं. मागे दोरी नव्हती. त्यानेच कोरलेला मुखवटा, त्याला माहीत होतं, त्याला कुठे काही अडकवायला जागा नव्हती.

म्हाताऱ्याने खिसे चाचपले.

मुखवटेकाराने आपला खिसा चाचपला. पट्टी होती. ओली, गार.

म्हातारा काहीतरी शोधायला वाकला. कमरेतून पुरता वाकला, डोकं उलटं, कपाळ जमिनीपासून वीतभर. पांढरी दाढी उलटी लोंबली.

मुखवटा पडला नाही.

म्हातारा उठला. डोळ्यांवर हाताची सावली धरली. पहिल्या रांगेतून सासूबाई ओरडल्या, "अरे, इथे आहे मी!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नजर आईवरून पुढे सरकली. वाद्यांवरून सरकली. विंगेतल्या अंधारात थेट त्याच्यावर येऊन थांबली.

म्हाताऱ्याला आठवलं होतं.

प्रयोगानंतर तो आत गेला तेव्हा ती आरशापुढे बसली होती. दोन्ही हातांनी तिने मुखवटा उतरवला. पापड सुटावा तसा हलका आवाज झाला.

"धाकटे?" तो म्हणाला.

ती वळली आणि हसली. पुढच्या दातांमध्ये फट होती. एका दाताचा कोपरा उडालेला होता.

"असा काय बघतोस, लाकूडतोड्या? भूत बघितल्यासारखा!"

त्या दिवसापासून घरात बोलणं आहे, हसणं आहे. सासूबाई दोन्ही वेळा पोटभर जेवतात. जेवणाच्या खोलीत धूळ पुसता पुसता त्या एकदा म्हणाल्या, "जावईबापू, धाकटीचा फोटो तिरका झालाय बघा. सरळ करा जरा." त्याने डोळे मिटूनच चौकट सरळ केली. ते डोळे त्या भिंतीकडे त्याने अजून उघडले नाहीत.

छापखान्यात बाई त्याला 'दादा' म्हणू लागल्या. त्याने विचारलं, भाऊजी का म्हणत नाही? बाई ओशाळल्या.

"धाकटी गेल्यापासून आम्हीच सोडलं ते. तुम्हाला त्रास होत होता ना."

भोपळ्याने खाली मान घालून हातोडी पुसली.

जीभ त्याने कुणाला दाखवली नाही. कारखान्यात रंगाच्या ब्रशांमागे, पत्र्याच्या डबीत ती आहे. त्या दिवशी घरी येऊन त्याने ती उजेडात धरली होती. तिच्यावर फट नव्हती, उडालेला कोपरा नव्हता. मोत्याच्या लडीसारखे सरळ दात, आरपार जातील इतके खोल रुतलेले. कड्यावरून लोंबणाऱ्या माणसाने दोर धरावा तसे.

तर, दाटीवाटीने बसलेले माझे मायबाप हो, एकच मागणं आहे. देवाचं नाव घ्याल तेव्हा मागोमाग तिचीही आठवण काढा. डावखुरी होती, स्वतःच्या पडण्यावर स्वतःच हसायची, आईने चार घास खावेत एवढंच तिला हवं होतं, आणि एका साध्या माणसाला तिने सगळ्यांचा भाऊजी करून ठेवलं होतं. विसरू नका तिला. तो रोज सकाळी डबी उघडतो, पट्टी कोरड्या फडक्याने पुसतो आणि झाकण लावतो. दुसऱ्या सकाळी ती पुन्हा ओली असते.